ओल्या दोऱ्याने कापलेलं बीज

लेनिनग्राडात एप्रिलमधला श्रमदानाचा शनिवार उजाडला की अवघी संशोधन संस्था बादल्या घेऊन निघायची. हिवाळाभर खिडक्यांच्या फटींवर चिकटवलेल्या कागदी पट्ट्या सोलायच्या, काचा धुवायच्या. तरुण इनोकेंतीने उत्साहाच्या भरात स्फटिकांच्या खोलीतली खिडकी सताड उघडली, आणि नेव्हा नदीवरचा गार वारा आत शिरला.

कोमट पाण्यातल्या बरणीत त्याचा स्फटिक वाढत होता. रोज पाव अंश, फक्त पाव अंश निववायचा, तान्ह्या बाळासारखा जपायचा. त्या गार झोताने तो तडकला, थेट पोटातल्या बीजापर्यंत, ज्या इवल्या स्फटिकाभोवती तो वाढला होता.

"केशा!" इनोकेंतीला लाडाने अशी हाक मारणारी कपितोलिना साविश्ना दारातच थबकली. वीस वर्षं इथले स्फटिक तीच वाढवत होती. "काचांबरोबर डोकंही धुऊन टाकलंस का रे?"

"सप्टेंबरात प्रबंध द्यायचाय," तो पुटपुटला. "नाही दिला तर इथली जागा जाईल. आणि असं निर्दोष बीज पुन्हा मिळायला वर्ष लागेल."

"आधी खिडकी लाव."

तिने कपाटातून काड्यापेटी काढली. आत कापसावर नखाएवढा नितळ स्फटिक. तिच्या गुरूने निवृत्त होताना तिच्या तळहातावर ठेवलेला, तेवढीच त्यांची आठवण.

"हा नको, कपितोलिना साविश्ना."

"गप्प बस. आंबवण नुसतं जपत बसले तर पाव कशाचा भाजू?"

तिने ओल्या दोऱ्याने तो कापायला घेतला. दोरा पुढे, दोरा मागे. दोऱ्यातलं पाणी स्फटिक कणाकणाने विरघळवत वाट काढत होतं. तिचे ओठ घट्ट मिटलेले. अर्धा तुकडा तिने त्याला दिला, अर्धा परत कापसात.

प्रबंध वेळेवर झाला. मग शोध, शिष्य, परदेशातली बोलावणी. स्फटिकामागून स्फटिक, सगळे त्याच वंशातले. केस पांढरे झाल्यावर पदक मिळालं. टाळ्या वाजत होत्या, तेव्हा त्याला तो दोरा दिसत होता.

पुढच्या रविवारी तो तिच्या घरी गेला. आभाराचं भाषण वाटेत पाठ केलं होतं; दारात ते विसरला. नुसताच स्फटिक पुढे केला.

म्हातारीने चष्मा चढवून तो उजेडात धरला. "किती दिवस?"

"चाळीस. मीच वाढवला."

"आणि खिडकी?"

"बंद. पट्ट्याही मीच चिकटवल्या."

तिने तो हळूहळू फिरवला. "कडेला बुडबुडा आहे."

"आहे."

"असू दे." तिने जुनी काड्यापेटी उघडली, अर्ध्या तुकड्याशेजारी नवा स्फटिक निजवला आणि वर कापूस पांघरला. "रडतोस काय, केशा? बस, चहा ओतते."