शेखचा पळा आणि खोटारड्याची जीभ

फरैजच्या तंबूपुढं अख्खी जमात लोटली होती. निखाऱ्यात कॉफी भाजायचा लोखंडी पळा लालभडक झालेला. शेख मुतैरनं चूळ भरली, पळा उचलला आणि चाटला! चर्रर्र! मग जीभ बाहेर काढून दाखवली. गुलाबी, बाळाच्या टाचेसारखी.

"ही आग खोट्याची जीभ जाळते, खऱ्याची सोडते," शेख गरजला. "तुमचे वाडवडील हिच्यापुढंच निवाडे करायचे. माणसांतला चोर ओळखते, ती मांसातला ओळखणार नाही? गाठीवर पळा दाबतो. कर्करोग जळेल, फरैज उरेल!"

माना डोलल्या. आमच्या सिनाईत या पळ्यावर संशय घेणं म्हणजे आजोबांच्या दाढीला हात घालणं.

फरैजच्या गळ्यावर लिंबाएवढी गाठ. चहाचा घोटही उतरेना. त्याची पुतणी नायफा इस्माइलिया शहरात डॉक्टर. ती म्हणाली होती, "काका, भूल देऊन गाठीत बारीक सुई घालू, आतून तापवू. गाठ आक्रसेल, दुखणं हलकं होईल. आजार मात्र जाणार नाही."

"मग तुझ्याकडे कशाला येऊ? हा शेख मुळासकट जाळतोय!" फरैज म्हणाला होता.

शेख पळा घेऊन गळ्याकडे वळला, तशी नायफा आडवी आली. "थांबा! सुवेलममामा, चूळ भरा आणि एक खोटं बोला."

सुवेलम म्हणजे मी, जमातीतला नावाजलेला थापाड्या. इतक्या अदबीनं ही विनंती मला कुणी केली नव्हती. "जीभ भाजली तर?"

"मलम आणलंय. जमातीला आठवडाभर शांतताही मिळेल."

"माझी सांडणी रोज पहाटे कॉफी करते," मी म्हणालो. "वेलदोडा जरा जास्तच घालते." आणि चाटला पळा.

चर्रर्र! जीभ शाबूत.

मग कुणीतरी पुटपुटलं, "म्हणजे सांडणी खरंच...?"

"अहो, तापल्या तव्यावर थेंब नाचतो ना?" नायफा म्हणाली. "ओल्या जिभेवरच्या पाण्याची वाफ होते, ती क्षणभर आड येते. चूळ त्यासाठीच! गळ्यावर पळा दाबून धरला तर कसली वाफ? मांस भाजेल, खालची मोठी रक्तवाहिनी फुटेल. आम्ही ती यंत्रावर बघत बघत सुई घालतो. शेखसाहेब, हा रुमाल. जीभ कोरडी करा आणि चाटा."

शेखला एकाएकी दुसऱ्या जमातीतला रोगी आठवला. पळा मात्र तो इथंच विसरून गेला.

फरैज इस्माइलियाला जाऊन आला. गाठ लहान झाली, गेली नाही. पण परवा माझ्याकडे त्यानं सावकाश कॉफीचा एक घोट गिळला, डोळे मिटले आणि म्हणाला, "सुवेलम, तुझ्या सांडणीला सांग, वेलदोडा कमी घाल."

बाबांनो, पळा चाटून बघू नका. माझं नशीब थोर होतं. 'एवढंच होईल' म्हणणाऱ्याचं ऐका. 'सगळं जाईल' म्हणणाऱ्याला आधी रुमाल द्या.