चौदा शिक्के

"ज्याच्याकडे शिक्का नाही, त्याच्या दारी फळी नाही. नियम म्हणजे नियम!" रहिवासी मंडळाचे अध्यक्ष कुरोकावा यांनी चहाचा पेला खाली ठेवला.

योकोहामाच्या उपनगरातील त्या जुन्या वसाहतीत सूचनांची फळी दारोदार फिरे. वाचणाऱ्याने आपल्या नावाचा शिक्का उमटवून ती पुढच्या दाराला अडकवायची. सहाव्या इमारतीतील चौदा बिऱ्हाडांपैकी पाच आता व्हिएतनाम-कंबोडियाकडची होती आणि फळी नेमकी तीच दारे ओलांडून जाई. गेल्या महिन्यात पाण्याची टाकी धुण्याची सूचना अशीच ओलांडून गेली. ऐन उन्हाळ्यात, त्यांच्यातली न्हान, दहा दिवसांची ओली बाळंतीण, दिवसभर थेंबभर पाण्यावाचून राहिली.

"त्यांच्या सहीनं भागेल की," वृद्ध तोकुजी इसोगाई म्हणाले.

"इसोगाईसान, जन्मभर शिक्के कोरलेत आणि आता सहीची वकिली?"

सभा हसली. तोकुजीही हसले. "खरंय. मग शिक्केच होतील. पुढच्या सभेला आणतो."

सहा वर्षे मिटलेली हत्यारांची पेटी त्यांनी उघडली. दृष्टी अधू झाली होती, हाताला कंप होता. परंतु लाकडाला पाते टेकताच तो कंप शमे. नावे विचारायला ते स्वतः पाची दारी गेले.

"आजोबा, नुसतं 'न्हान' कोरा. पूर्ण नाव लांबलचक आहे, डोळे दुखतील तुमचे."

"डोळे माझे, नाव तुझं. पूर्ण सांग, आणि नीट सांग. मला खोडता येत नाही."

पुढच्या सभेत त्यांनी पाच शिक्के मेजावर मांडले. कुरोकावांनी एकेक उचलून भिंगाखाली धरला.

"अहो, नियम म्हणजे नियम ना?" मागून कुणी बाई म्हणाली.

"काम सुबक आहे," कुरोकावा पुटपुटले आणि त्यांनी यादीत पाच नावे लिहिली.

त्या आठवड्यात फळी फिरत फिरत शेवटच्या घरी, तोकुजींच्या दारी आली. तेरा लाल वर्तुळे. न्हानचे उलटे उमटले होते; शेजारी तिने लिहिले होते, 'आजोबा, चुकले.' ते मनापासून हसले.

मग त्यांनी स्वतःचा शिक्का काढला. पन्नास वर्षांच्या वापराने त्याची कड झिजली होती. त्या पाच ठसठशीत वर्तुळांखाली त्यांचे नाव फिकट, अर्धवट उमटले.

त्यांनी शिक्का दुसऱ्यांदा दाबला नाही.