लोण्याचा वास

सकाळपासून तिचा पाय थांबत नव्हता. टेबलाखाली टाच आपली खाली-वर, खाली-वर. शेजारी बसलेल्या बारमालकाने शेवटी आपला पाण्याचा ग्लास उचलून हातातच धरला, कारण टेबलाबरोबर तोही हिंदकळत होता.

"कॉफी जास्त झाली का?" त्याने विचारलं.

"घेतलीच नाही," ती म्हणाली. परीक्षण असलं की ती कॉफी घेत नसे, अत्तर लावत नसे, दातसुद्धा नुसत्या पाण्याने घासत असे.

स्पर्धा बिअरची होती आणि त्यांच्या टेबलाच्या वाट्याला सगळ्यात दांडगा गट आला होता. अमेरिकन पद्धतीच्या कडक बिअर. मद्यार्क चढा आणि हॉप्सच्या कडू फुलांचा नुसता भडिमार. अशा चार-पाच चाखल्या की जिभेचं चामडं होतं. म्हणून ग्लासात बोटभरच ओतायची, आधी हुंगायची, मग घोट, मग कोरडा पाव, मग पाणी, मग गुण. ग्लासावर फक्त क्रमांक. कोणी बनवली हे कोणालाच ठाऊक नाही.

टेबलावर तिघं होते. टेबलप्रमुख बाई पूर्वी औषधांच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होत्या आणि अजूनही ग्लास परीक्षानळीसारखा धरत. जाड मिशांच्या बारमालकाचा अर्धा जन्म काउंटरमागे गेला होता. तिसरी ती, एका मोठ्या ब्रूअरीत बिअर बनवणारी. तिच्या ब्रूअरीने या गटात काही पाठवलं नव्हतं, म्हणूनच तिला इथे बसवलं होतं.

"या बिअरला कांद्याचा वास येतोय," बाई म्हणाल्या.

"कांदा नव्हे, लसूण," बारमालक म्हणाला. "बरंय, गिऱ्हाईकाला सोबत खायला वेगळं काही मागवायला नको."

बाई हसल्या नाहीत, पण गुण देताना पेन्सिल जरा रेंगाळली. पुढचा ग्लास आला.

तिने तो नाकाशी नेला आणि टेबलाखालचा पाय एकदम थांबला.

संत्र्याची साल. नुकतंच रंधा मारलेलं लाकूड. त्यामागे भाजलेल्या ओट्सचा अगदी हलका, बिस्किटासारखा वास. अशा बिअरमध्ये ओट्स भाजून कोणी घालत नाही. ती घालायची. बाबांच्या ब्रूअरीत असताना एक अख्खा हिवाळा तिने या मिश्रणामागे घालवला होता. बाबांनी एक घोट घेऊन विचारलं होतं, "ही बिअर आहे की काढा?" शब्दाने शब्द वाढला, तिने ऍप्रन खुंटीला अडकवला आणि दुसरीकडे नोकरी धरली. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं आईच्या मार्फत.

म्हणजे बाबा तिची बिअर बनवत होते. पण तिने पुन्हा हुंगलं तेव्हा खालून दुसराच वास वर आला. लोणी. गरम तव्यावर गोळा सोडावा तसा स्निग्ध, गोडसर वास.

ही शिकाऊ माणसाची चूक असते. यीस्टला आपलं काम पुरं करू दिलं नाही, टाकी घाईने गार केली, की बिअर कच्ची राहते आणि लोण्याचा वास मागे उरतो. बाबांच्या हातून हे होणं शक्य नव्हतं. त्यांना फाटकातून आत शिरताना कळायचं की आज दूध उतू गेलंय. लहानपणी तीही दूध हुंगल्याशिवाय पीत नसे, म्हणून तर त्यांनी तिचं नाव मनी ठेवलं होतं.

"लोणी," बाई म्हणाल्या. "सरळसरळ."

"अंगाने झकास होती हो," बारमालक म्हणाला. "कोणीतरी चांगल्या बिअरचा घात केलाय. मॅडम, तुमचे गुण?"

तिने पेन्सिल उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"मला हिला गुण देता येणार नाहीत. ही कोणाची आहे ते मी ओळखलंय."

"खात्री आहे?" बाईंनी विचारलं.

"रेसिपी माझी आहे. बनवणारा माझा बाप असणार."

बारमालकाने मिशीवरून हात फिरवला. बाईंनी तिच्यापुढचा कागद ओढून त्यावर रेघ मारली. "राखीव परीक्षकाला बोलावते. तुम्ही बाहेर जरा मोकळ्या हवेत जाऊन या."

बाहेर लांबलचक कॉरिडॉर होता. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत राहिली. फोन काढला, खिशात टाकला, परत काढला. शेवटी आईला लावला.

"आई, बाबांना वास येतो का गं?"

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. "तुला कोणी सांगितलं?"

"बिअरने."

मग आई एकदम मोकळी झाली. "हिवाळ्यात ताप आला ना, त्यानंतर गेला तो गेलाच. दूध नासलेलं कळत नाही. परवा गॅस तसाच सुरू राहिला, मी घरात होते म्हणून बरं. कोणाला सांगशील तर बघ, अशी शपथ घातलीय मला. म्हणतात, एवढ्या नाकावर जगलो, आता तेच कापलं गेलं."

ती आत गेली ती फक्त बाईंची माफी मागायला. पुढच्या गटाला ती बसणार नव्हती. बाईंनी का म्हणून विचारलं नाही.

बाबांच्या ब्रूअरीकडे जाणारी बस सिग्नलला अडकली तेव्हा तिला सीटवर बसवेना. आधीच्याच थांब्यावर उतरून ती चालत सुटली. गॅरेजच्या रांगेमागे बाबांची ब्रूअरी होती. पत्र्याचं छप्पर, ओली फरशी, स्टीलच्या उंच टाक्या. बाबा रबरी नळी धूत होते.

"स्पर्धा होती ना तुझी?" त्यांनी वर न बघता विचारलं. जणू ती कालच इथून गेली होती.

"तुम्ही माझी बिअर पाठवलीत."

"तुझी कसली? टाकी माझी, पाणी माझं, यीस्ट माझं."

"लोण्याचा वास येतोय तिला."

नळीतलं पाणी फरशीवर वाहत राहिलं. "नाकं मुरडायची सवयच असते तुम्हा परीक्षकांना."

"बाबा, आईने सांगितलंय मला."

"तिच्या तोंडात तीळ भिजत नाही," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. त्यांनी नळ बंद केला, नळी गुंडाळली, मग सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली.

"आत्ता टाकीत काय आहे?"

"तीच. पुढचा घाणा. उद्या गार करणार."

"करू नका. थांबा."

तिने टाकीच्या तोटीतून दोन ग्लास भरले, दोन्हींवर बशा झाकल्या. एक गरम पाण्याच्या भांड्यात ठेवला, एक नुसता टेबलावर. बिअरमध्ये लोणी लपलेलं असेल तर उबेने ते बाहेर येतं. ही युक्ती तिला बाबांनीच शिकवली होती. आता वाट बघण्याशिवाय काम नव्हतं आणि तेच तिला जमत नव्हतं. ती टाक्यांभोवती फिरू लागली, काटे बघू लागली, घट्ट असलेले नट पुन्हा आवळू लागली.

"का बनवलीत?" तिने टाकीच्या आडून विचारलं.

"तू गेल्यावर गिऱ्हाईकं तीच मागायची." मग ते म्हणाले, "नाही, तसं नाही. तू त्यात काय बघितलंस ते मला कळलं नव्हतं. म्हटलं, करत राहिलो तर कळेल. जरा कुठे कळायला लागलं, तेवढ्यात हे झालं."

ती टाकीच्या आडच उभी राहिली.

गरम ग्लास गार होऊ देऊन तिने बशी काढली आणि हुंगलं. लोणी होतंच. दुसऱ्यात नव्हतं. तिने गरम केलेला ग्लास बाबांपुढे धरला. त्यांनी डोळे मिटून नाक आत घातलं, कितीतरी वेळ घालून ठेवलं. मग डोळे उघडून ते बिअरकडे नाही, तिच्या चेहऱ्याकडे बघू लागले.

"काहीच नाही गं. पाणी हुंगल्यासारखं." त्यांनी घोट घेतला. "कडू लागतं फक्त. तेवढं शिल्लक आहे."

"टाकीचं तापमान जरा वर घेऊया, थोडी ऊब देऊया. यीस्ट अजून जिवंत आहे, ते खाईल लोणी."

"कधीपर्यंत?"

"वास जाईपर्यंत."

"आणि तो गेला हे कोण सांगणार? तुझी आई? तिला बिअरचा वासच सहन होत नाही."

"उद्या कामावरून येते मी."

"तुझी नोकरी आहे."

"कामावरून सुटल्यावर म्हणतेय, नोकरी सोडून नाही," ती म्हणाली. "डॉक्टरकडे गेलात?"

"डॉक्टर काय नवं नाक लावणार आहे?"

"काहींचा वास परत येतो."

"आणि नाही आला तर?"

तिने टाकीचं तापमान वाढवलं आणि नोंद करायला बाबांकडे पेन मागितलं.

दुसऱ्या दिवशी लोणी तसंच होतं. त्यानंतरच्या दिवशी थोडं कमी. ती संध्याकाळी धापा टाकत यायची, ग्लास गरम करायची, हुंगायची, नाही म्हणून मान हलवायची. स्पर्धेचा निकाल लागला. त्यांची बिअर कुठेच नव्हती. मोठ्या ब्रूअरीतल्या साहेबांनी विचारलं, हल्ली एवढी घाई कसली असते? ती म्हणाली, घरचं काम आहे.

एका संध्याकाळी तिने गरम ग्लासावरची बशी काढली, हुंगलं, परत हुंगलं. दारापर्यंत जाऊन बाहेरची हवा घेतली आणि तिसऱ्यांदा हुंगलं.

"गेलं," ती म्हणाली.

"नक्की? माझं मन राखायला म्हणत असशील तर—"

"तुमचं मन राखायचं असतं तर पहिल्याच दिवशी म्हटलं असतं."

बाबांना ते पटलं. त्यांनी गार पाण्याचा व्हॉल्व्ह उघडला. टाकीच्या कडेने पाणी खळखळत फिरू लागलं. ती बॅग खांद्याला लावून निघाली तशी ते पाठमोरेच म्हणाले, "उद्या येऊ नकोस. उद्या काही काम नाही."

"बरं."

"परवा ये. परवा डॉक्टरांनी वेळ दिलीय. तुझी आई येते म्हणतेय, पण तिच्यापुढे मला नीट बोलता येत नाही."

"किती वाजता?" तिने विचारलं.