मैदानाला पाणी कुठलं?

आलेल्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं, असं इमामसाबांच्या हातून कधी झालं नव्हतं. वाचनालयात नोकरीला होते तेव्हा एखाद्या वाचकाने पुस्तकाची पानं फाटल्याची तक्रार पोस्टकार्डावर केली, तरी आठवड्याच्या आत ते त्याला दोन ओळी लिहीत. हॉकी लीगच्या कचेरीतून आलेलं पत्र मात्र होळीपासून त्यांच्या टेबलावर तसंच पडून होतं. रोज सकाळी ते उघडायचे, वाचायचे आणि घडी घालून ठेवून द्यायचे.

पत्रात अवघड असं काही नव्हतं. नव्या व्यावसायिक लीगला एक संघ मध्यम आकाराच्या शहराला द्यायचा होता आणि शेवटच्या तीन शहरांत सोलापूरचं नाव होतं. बसायची जागा, दिवे, खेळाडूंची राहायची सोय, हे सगळं जमण्यासारखं होतं. गाडी अडली होती एका प्रश्नावर. हॉकीचं टर्फ, म्हणजे मैदानावरचं प्लॅस्टिकचं गवत, सामन्याआधी भिजवावं लागतं. कोरड्यावर चेंडू अडखळतो आणि खेळाडू पडला की कातडी सोलून निघते. म्हणून लीगने विचारलं होतं, की टर्फसाठी पाणी कुठून आणणार ते जिल्हा संघटनेने सही-शिक्क्यानिशी लिहून कळवावं.

इमामसाबांच्या शुक्रवार पेठेत तेव्हा नळाला चार दिवसांआड पाणी येत होतं.

"लिहून टाका की, महापालिका देईल म्हणून!" संघटनेचे अध्यक्ष अमृतशेठ म्हणाले. त्यांचं चादरींचं दुकान होतं आणि कुठलीही गोष्ट ते गिऱ्हाइकाला चादर उलगडून दाखवावी तशी झटकन बोलत.

"महापालिकेनं तसं सांगितलंय का?"

"सांगेल की! आधी टीम तर येऊ द्या. पाहुणा दारात उभा राहिला की चहा होतोच ना?"

"घरात साखर असली तर होतो," इमामसाब पुटपुटले आणि आपण उलट बोललो या भीतीने खिडकीबाहेर बघू लागले.

त्यांना स्वतःविषयीच खात्री नव्हती. लहानपणापासून जाड चष्मा, त्यामुळे हातात स्टिक कधी आलीच नाही. पोरं खेळत आणि ते बाजूला बसून गोलांचा हिशेब मांडत. पुढे लिहिण्यावाचण्याचं काम करायला कुणी तयार होईना, म्हणून संघटनेचं चिटणीसपद गळ्यात पडलं. आपल्यासारख्या न खेळलेल्या माणसाने गावाच्या टीमच्या आड यावं का, असं त्यांना वाटे. पण पेन उचललं की 'महापालिका देईल' हे दोन शब्द काही उमटत नसत.

"तीन सौ पन्नों की किताब दो दिन में पढते," अजीजा, त्यांची बायको, पिंप झाकता झाकता म्हणाली, "और चार लाइनां लिखने कू क्या होरा जी तुमना?"

"खोटं लिहवत नाही. आणि खरं लिहिलं तर टीम जाते."

"फिर खरं ऐसा करो, के टीम नै जाना," असं म्हणून ती आत गेली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता.

उत्तर येत नाही म्हटल्यावर लीगने मैदान बघायला अंकिता नावाच्या अधिकारी बाईंना पाठवायचं ठरवलं. त्यांच्यासमोर मुलींचा प्रदर्शनी सामना ठेवायचा होता. तारीख इमामसाबांनी काढली. सोलापुरात लग्नाची तारीख धरतानाही घरातली बाई पाण्याची पाळी विचारते. पाळीच्या दिवशी कुणी घर सोडत नाही. म्हणून त्यांनी प्रत्येक भागाची पाळी विचारून घेतली आणि सगळ्यांना मोकळा पडेल असा रविवार निवडला.

त्या आठवड्यात उजनी धरणाकडून येणारी पाइपलाइन फुटली आणि सगळ्या पाळ्या पुढे सरकल्या. रविवारी नळ कधीही येईल म्हणून गाव घरात बसलं. अंकिता मॅडम मैदानावर आल्या तेव्हा गॅलरीत चार म्हातारे आणि एक आइस्क्रीमवाला होता.

"प्रेक्षक?" त्यांनी विचारलं.

"येतील की," अमृतशेठ म्हणाले. "आमच्या गावाला उशिरा यायची सवय आहे."

त्यांचं लक्ष फाटकाकडे होतं. कुणाच्या तरी ओळखीने त्यांनी पाण्याचा टँकर मिळवला होता. तो आला आणि त्याच्या मागोमाग भिंतीपलीकडच्या विडी कामगारांच्या वस्तीतल्या बायका आल्या. कुणाच्या कमरेवर घागर, कुणाच्या हातात बादल्या. पुढे सावित्रम्मा होती, वस्तीतली सगळ्यांत मोठ्या आवाजाची बाई.

"कुठल्या वस्तीचा टँकर, शेठ?"

"मैदानाचा आहे. गवतावर टाकायचाय."

सावित्रम्माने निळ्या टर्फकडे पाहिलं. "अय्यो! हे काय उगवतंय होय?"

बायका हसल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. टँकरवाल्याने नळी ओढत टर्फपर्यंत नेली. तेव्हा इमामसाब उठले. चालत जाऊन त्यांनी नळीचं तोंड दोन्ही हातांनी धरलं.

"हे पाणी इथं पडणार नाही."

"इमामसाब, बाजूला व्हा. मॅडम बघतायत."

"बघू द्या."

"अध्यक्ष मी आहे का तुम्ही?"

"तुम्हीच. पण बायका घागरी घेऊन उभ्या आहेत, अमृतशेठ. त्यांच्यादेखत प्लॅस्टिकला पाणी पाजणं मला जमणार नाही."

अमृतशेठांचं तोंड लाल झालं. मुलींची प्रशिक्षक शिवलीला टर्फवरून ओरडली, "सर, द्या त्यांना पाणी! आम्ही रोज कोरड्यावरच पडतो. आज काय नवीन आहे?"

टँकर भिंतीकडे वळला. मैदानावर सामना सुरू झाला आणि इकडे रांग लागली. ज्यांच्या घागरी भरल्या त्या लगेच निघाल्या नाहीत. शेजारणीचं भरेपर्यंत थांबायचं म्हणून कठड्याला टेकल्या आणि टेकल्यावर बघू लागल्या. टँकर आलाय हे ऐकून आणखी लोक आले, मागोमाग त्यांची माणसंही आली.

"ती लाल रिबिनवाली बघ, वाऱ्यासारखी पळते!"

"अय्यो, ढकललं की तिला! पंच झोपला काय?" सावित्रम्मा ओरडली. "ए शिट्टीवाल्या, उठव रे स्वतःला!"

उत्तरार्धात कठड्याला जागा उरली नव्हती. लाल रिबिनीच्या मुलीने गोल मारला, तेव्हा रांगेतल्या रिकाम्या घागरींवर असा ताल धरला गेला, की आइस्क्रीमवाला गाडी सोडून पुढे आला. मुलगी गुडघा झटकत उठली. गुडघ्यावरचं कातडं गेलं होतं.

सामना संपल्यावर अंकिता मॅडम इमामसाबांजवळ आल्या. "प्रेक्षकांचं माझं समाधान झालं. पाण्याचं तुम्हाला लिहून द्यावंच लागेल, सर. महिनाअखेर शेवटची तारीख आहे." निघता निघता म्हणाल्या, "बाकी दोन्ही शहरांनी लिहिलंय, महापालिका देईल म्हणून."

अमृतशेठ गाडीचं दार आपटून निघून गेले. इमामसाबांना रात्रभर झोप लागली नाही. हाताने घालवली की काय टीम, हाच घोर. पण सकाळी उठले ते चहा घेऊन थेट वस्तीत गेले.

"सावित्रम्मा, तुमच्या आसपास न पिण्यासारखं पाणी कुठं आहे का?"

सावित्रम्मा विड्यांचं सूप बाजूला ठेवून हसायला लागली. "लोक पिण्याचं विचारतात, तुम्ही न पिण्याचं विचारता! आहे की. गॅलरीच्या मागं विहीर आहे. मचूळ. म्हैससुद्धा तोंड लावत नाही. आता तर कचऱ्यानं भरलीय."

विहीर वेड्या बाभळीत दडली होती. आत प्लॅस्टिकच्या पिशव्या, निर्माल्य, तुटकी खुर्ची. इमामसाबांनी वाकून एक खडा टाकला. खोलवर कुठेतरी पाण्याचा आवाज झाला.

विहिरीतला कचरा न् गाळ काढायला माणसं मागणं त्यांना गाळ काढण्यापेक्षा अवघड होतं. आयुष्यात त्यांनी कुणाच्या दारात जाऊन काही मागितलं नव्हतं. आता पेठेतल्या जुन्या खेळाडूंच्या दारात उभं राहिलं की कडी वाजवायला हात उठेना. एका घरासमोरून तर ते दोनदा परत फिरले. तिसऱ्यांदा आतूनच आवाज आला, "इमामसाब, आत या नाहीतर जा तरी. आमच्या कुत्र्याला त्रास होतोय."

लोक आले. कुणी पाट्या आणल्या, कुणी दोर. वस्तीतली माणसं गाळात उतरली. शिवलीलाच्या मुली पाट्या ओढायला लागल्या. कचऱ्याखालून चेंडू निघू लागले, वर्षानुवर्षं गॅलरीपलीकडे उडालेले, रंग गेलेले हॉकीचे चेंडू. म्हातारे खेळाडू एकेक उचलून, "हा माझा, हा माझा," म्हणून भांडू लागले.

गाळ निघाला त्या दिवशी अमृतशेठांचा छोटा टेंपो येऊन थांबला. त्यात पाण्याची मोटर होती.

"सासऱ्याची आहे. उजनीकाठी केळीला लावतात," ते कुणाकडेच न बघता म्हणाले. "जळली तर तुम्ही भरून द्यायची."

मोटर सुरू झाली. पाणी आलं, गढूळ, मग स्वच्छ. टर्फ निळं चकाकू लागलं. अर्धं मैदान भिजलं आणि मोटर कोरडी खडखडायला लागली. विहिरीतलं पाणी संपलं होतं.

"झालं," अमृतशेठ म्हणाले. "लीगला अर्धी टीम मागा."

दुपारपर्यंत झऱ्यांनी विहीर पुन्हा वर आणली, उरलेलं मैदान भिजवलं, पण तोवर पहिलं वाळून गेलं होतं. इमामसाबांनी कठडा धरून वाळलेला आणि ओला भाग नजरेने मोजला. मग म्हणाले, "पाणी आहे. एकदम नाही. आदल्या दिवसापासून साठवायला टाकी पाहिजे."

"टाकी मी बांधतो," अमृतशेठ म्हणाले. "लिहा, टाकी आहे म्हणून."

"कुठं आहे?"

"अहो, बांधतो म्हणतोय ना!"

"मग 'बांधतो' लिहीन."

अमृतशेठांनी कपाळावर हात मारला. "तुमच्यासारखा चिटणीस वैऱ्यालाही मिळू नये! उद्या खड्डा खणतो. मग तरी?"

"खड्डा झाला की लिहितो."

खड्डा झाला. इमामसाबांनी तो स्वतः जाऊन पाहिला आणि घरी येऊन एका बैठकीत पत्र लिहिलं. पिण्याचं पाणी सोलापूरला टर्फवर ओतता येणार नाही. मैदानामागच्या विहिरीचं मचूळ पाणी वापरू. ते एका वेळी अर्ध्या मैदानाला पुरतं, म्हणून टाकी बांधत आहोत. खड्डा झाला आहे, बांधकाम व्हायचं आहे. ज्या उन्हाळ्यात विहीर आटेल त्या उन्हाळ्यात आम्ही कोरड्यावर खेळू, आणि ते लीगला चालणार नसेल तर आम्हाला संघ देऊ नये.

"हे शेवटचं काढा," अमृतशेठ दुकानात चष्मा लावून म्हणाले. "स्वतःच नको म्हणता?"

"नको म्हणत नाही. मला तर फार हवी आहे टीम," इमामसाब म्हणाले. "पण हे नाही काढणार."

अमृतशेठांनी त्यांच्याकडे पाहिलं. गिऱ्हाईक आपला भाव सोडणार नाही हे कळल्यावर बघतात तसं. मग सही ठोकली आणि शिक्का पुढे ढकलला.

मुख्य पोस्टात गर्दी होती. इमामसाब रांगेत उभे राहिले. मधे एकजण घुसला तेव्हा, "मी आधी आलोय," असं त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. खिडकीतल्या बाईंनी पाकीट वजनाला लावलं, शिक्का मारला आणि मागच्या थैलीत टाकलं.