पुसलेले गाल

माझ्या आईचा चेहरा तुम्ही पुसलात. तोही ती मेल्यावर, तिला विचारायची सोय उरली नव्हती तेव्हा. चर्चच्या अंत्यविधी समितीच्या खुर्चीत बसून तुम्ही फोटोवाल्याला सांगितलंत, "गाल जरा स्वच्छ कर. सभ्य लोक येणार आहेत."

आईच्या गालांवर आबाजा होत्या, दोन्हीकडे तीन-तीन आडव्या रेघा. ओयोला, मूळ गावी, आमच्या घराण्यात तान्ह्या बाळाच्या गालावर त्या वस्तऱ्याने कोरत. मलाही आहेत, आजीचा हट्ट. या इबादान शहरात माझ्या वयाच्या बाईच्या गालावर त्या आता दिसत नाहीत. शाळेत पोरी विचारायच्या, "मांजरीशी भांडलीस काय गं?" बेकरीच्या मालकाने मला गल्ल्यावरून उचलून मागे भट्टीपाशी बसवलं. मग मी पावडर थापायला शिकले. घरात आम्ही दोघीच. आईसमोर जेवायला बसले की तेवढ्यापुरता माझा चेहरा विचित्र नसायचा. ती गेली आणि या शहरात माझ्यासारखं दिसणारं कुणी उरलं नाही.

आईच्या फोटोचा तुमचा फलक आमच्या फाटकावर लागला. नाव आईचं, गाल कुणा परकीचे. रोज स्वतःचं तोंड लिंपणारी बाई कुठल्या तोंडाने भांडणार?

ओयोहून आयोकामावशी सकाळीच यायची होती. दुपार झाली तरी पत्ता नाही, म्हणून शोधायला निघाले. मागच्या गल्लीतही एक मयत झालं होतं. तिथल्या जांभळ्या कपड्यांच्या गर्दीत आमच्या घरच्यांनी या मयतीसाठी ठरवलेलं निळं कापड नेसलेली मावशी, मांडीवर आमलाची, कंदाच्या पिठाच्या उकडीची, ताटली घेऊन, मोठमोठ्याने रडत होती.

"मावशी, अगं इथे काय करतेस?"

"तुझ्या आईला रडतेय, दुसरं काय! पण इथली माणसं माठ आहेत. कुणी ओळखच देईना."

"हे आपलं घर नाही."

"कसं नाही? त्या तिकडच्या फाटकावर कुणी मडम लटकवलीय. इथल्या फोटोत निदान गालाला रेघा तरी आहेत." मग डोळे बारीक करून म्हणाली, "आणि तू कोण गं?"

"आसाबी."

तिने डोक्याच्या फडक्याचं टोक थुंकीने ओलं केलं आणि माझा गाल खसाखसा घासला. "हां. आता आलीस." हातातला घास तोंडात टाकून ती उठली. "झालेलं रडणं काही परत मागता येत नाही. राहू दे त्या बाईला."

पण आमच्या फाटकाशी येऊन ती नुसतीच बसली. डोळे कोरडे. म्हणाली, "एका दिवसात दोन परक्या बायकांना नाही रडणार मी."

मी आत जाऊन काजळाची डबी आणि आरसा आणला. मावशीच्या रेघा सुरकुत्यांत बुजलेल्या. आईच्या गालावर त्या कशा होत्या, हे पाहायला आता एकच जागा होती. उरलेली पावडर पुसली आणि स्वतःचा गाल पाहिला. एवढा वेळ मी तो कधीच पाहिला नव्हता. वरची रेघ सरळ. मधली जरा रुंद. खालची ओठाकडे कलंडलेली. कोरताना मी मान झटकली असणार. म्हणजे तेव्हाही मी कुणाचं ऐकलं नव्हतं. मला हसू आलं. गाल वर सरकला, तिन्ही रेघा सोबत सरकल्या, आणि मला त्या आवडल्या. खरंच आवडल्या. सांगायला मात्र आई नव्हती.

फलकावर रेघा काढल्या. खालची सरळ काढली, आईची तशी होती. मागे मावशीने हंबरडा फोडला, आईचं नाव घेऊन.

संध्याकाळी तुम्ही आलात. "फोटो कुणी खराब केला? उद्या दुसरा छापून येईल." तुम्ही उत्तरासाठी थांबलातही नाही.

मी केला. उद्या शवपेटीपुढे मी चालणार आहे, पावडर न लावता. तुमचा नवा फलक माझ्या शेजारीच असेल. तेव्हा सगळ्या सभ्य लोकांसमोर माझ्या गालाला बोट लावा आणि सांगा: यात घाण कुठे आहे?