डिंगी आणि मिठाची गोणी

मित्रांनो, मी एक जुनी डिंगी आहे. डिंगी म्हणजे दोन माणसांची शिडाची छोटी होडी. मी फायबरची आहे, रंगाने पिवळी आहे आणि माझ्या शिडावर एक मोठा आकडा आहे. पनवेलला आल्यावर तो आकडा पुष्कळांनी माझा टेलिफोन नंबर समजून वाचला. त्या काळी टेलिफोन मिळायला वर्षानुवर्षे लागत. तो एका होडीला मिळालेला पाहून काहींना मनापासून वाईटही वाटले.

माझा जन्म इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका शेडमध्ये झाला. माझ्यासारख्या वीसेक जणी एकाच साच्यातून निघालो आणि एकाच खाडीत राहिलो. दर रविवारी आमची शर्यत असे. माझे सुकाणू सुमतीच्या हातात होते. सुमतीचा नवरा कृष्णकांत इंजिनीयर होता. तो पुढचे शीड सांभाळी आणि वारा वाढला की पाय आत अडकवून पाठीवर बाहेर लोंबकळे, म्हणजे मी कलंडत नसे. त्या दोघांच्या संसारात ही एकच जागा अशी होती, की सुमती हुकूम सोडी आणि कृष्णकांत ‘पण’ न म्हणता ऐके.

एकोणीसशे नव्वद साली कृष्णकांतला तळोज्याच्या एका कारखान्यात नोकरी मिळाली. घरसामान जहाजाने निघाले. माझ्या पोटात भांडी, रजया आणि शिवणयंत्र भरून मलाही त्यात टाकण्यात आले. सुमती आणि कृष्णकांत परदेशातून घरी आले. मी मात्र घरून परदेशात आले. हा फरक बरेच दिवस कुणाच्या लक्षात आला नाही.

न्यू पनवेलच्या सोसायटीत माझ्यावरून सभा झाली. सचिव नामजोशी यांनी विचारले, “ही दुचाकीत धरायची की चारचाकीत?”

“तिला चाकं नाहीत,” कृष्णकांत म्हणाला.

“मग तर कठीणच आहे. चाकं नसलेल्या वाहनाचा ठराव कुठाय आपल्याकडे?”

अखेर मला जिन्याखाली विटांवर ठेवण्यात आले. उन्हाळ्यात नळाचे पाणी गेले आणि टँकर येऊ लागले, तेव्हा नामजोशींची माझ्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. माझे बूच लावून त्यांनी मला काठोकाठ भरले. मित्रांनो, माझा जन्म पाणी बाहेर ठेवण्यासाठी झाला होता. इथे ते आत ठेवण्यासाठी माझी नेमणूक झाली. सगळे माझे कौतुक करत. चारही मजल्यांची माणसे बादल्या घेऊन येत आणि म्हणत, “काय मजबूत चीज आहे!” कौतुक खरे होते, म्हणून ते जास्त लागे.

सुमती रोज जिना उतरताना माझ्या कडेवरून हात फिरवी. तिला शर्यत हवी होती. पण शर्यतीला दोन गोष्टी लागतात, एक जोडीदार आणि दुसऱ्या होड्या. कृष्णकांतच्या मणक्यात गॅप निघाली होती आणि तो कमरेला पट्टा बांधून कारखान्यात जात होता. मुंबईत शिडाचे क्लब होते, पण तिथे सभासद व्हायला जुन्या सभासदांची ओळख लागे, आणि सभासद झाल्याशिवाय ते भेटणार कुठे याचे उत्तर कुणाकडे नव्हते. एकटीने शर्यत लावली तर पहिला नंबर हमखास येतो, पण तो कुणाला सांगता येत नाही.

आमच्या सोसायटीत म्हावरे, म्हणजे मासळी, विकायला चंद्रावती येई. खाडीकाठच्या गावातली, खणखणीत आवाजाची, डोक्यावरची भरलेली पाटी एका हाताने उतरवणारी बाई. सुमती तिला ‘अहो चंद्रावती’ म्हणे.

“वयनी, तुमी मना ‘अहो’ म्हनता ना, त मना वाटते माजे पाठीमागं कोन उभा हाय,” चंद्रावती म्हणाली.

एक दिवस सुमतीने तिला विचारले, “चंद्रावती, माझ्याबरोबर होडीत याल? पुढचं शीड धरायला?”

“येन की,” चंद्रावती म्हणाली. गिऱ्हाइकाला नाही म्हणायची तिला सवय नव्हती.

रविवारी मला रिकामे करण्यात आले. नामजोशी म्हणाले, “टाकी कुठे चालली?” टेम्पोत घालून मला चंद्रावतीच्या गावच्या धक्क्यावर नेले. भरती होती. किती तरी दिवसांनी पाणी मला बाहेरून लागले. त्याबद्दल मी जास्त बोलत नाही.

सुमतीने डोलकाठी उभी केली, शिडे चढवली आणि म्हणाली, “चला, तुम्हाला काय सांगायचं! तुमचं तर आयुष्य पाण्यात गेलंय.”

चंद्रावती माझ्या मधोमध बसली, दोन्ही हातांनी माझ्या दोन्ही कडा धरल्या आणि डोळे मिटून घेतले.

“अहो, शीड धरा ना!”

“वयनी, खरा सांगू? मी होरीन आज पयल्यांदा बसली.”

“काय सांगता! तुमच्या घरी तर होड्या आहेत.”

“हायेत. बाप्ये होरीन जातान, बाया बाजारान जातान. तुमी रोज भात खाता, कंदी नांगर धरलाय काय?”

सुमतीने क्षणभर विचार केला आणि मग ती इतकी हसली की सुकाणू सुटून आम्ही चिखलात जाऊन रुतलो. मला वाटले, संपले. पण चिखलातून ढकलून बाहेर काढताना चंद्रावती म्हणाली, “वयनी, परत जाव का? आता डोले उघरे ठेवतंय.”

दिवाळीपासून त्या दर रविवारी येऊ लागल्या. इंग्लंडात वळताना एक लांबलचक हुकूम देत. इथे शिडाची आडवी काठी चंद्रावतीच्या कपाळावर बसल्यापासून सुमती नुसते “डोकं!” असे ओरडे. तेवढे पुरे होई. चंद्रावतीला दोरीच्या गाठी काही येत नव्हत्या, वारा कुठून आला तेही तिला उशिरा कळे. पण एकदा धरलेली दोरी ती सोडत नसे. बाहेर लोंबकळायला ती घाबरत होती, ते मात्र एकदा जमल्यावर तिला आत बोलवायची पंचाईत होऊ लागली.

गावची जत्रा चैत्रात असते. जत्रेच्या दुपारी शिडाच्या होड्यांची शर्यत लागते. शर्यतीचा सारा कारभार चंद्रावतीच्या दिराकडे, बळीरामकडे होता. बळीरामची मिठागरे होती, स्वतःची होडी होती आणि भरघोस मिशी होती. त्याने सुमतीचे उत्तम स्वागत केले.

“वयनी, तुमी पावन्या. पावन्यांनी शर्यत बगावची,” तो म्हणाला.

सुमतीला खुर्ची मिळाली. शाल आणि नारळ मिळाला. मला मंडपाशेजारी टेकवून झेंडूची माळ घातली आणि लोकांनी माझ्याजवळ उभे राहून फोटो काढले. खाडीत सात होड्या शिडे फुगवून सुटल्या. आम्ही सुक्या जमिनीवरून टाळ्या वाजवल्या. परतीच्या टेम्पोत सुमतीने अंगावरची शाल काढली आणि माझ्या अंगावर टाकली.

त्याच महिन्यात पळस्प्याच्या नाक्यावरचा एक हॉटेलवाला मला पाहून गेला. मला दारात ठेवून, माझ्यात बर्फ भरून, त्यात थंड पेयाच्या बाटल्या मांडायचा त्याचा बेत होता. “गोव्याची गाडी थांबल्याशिवाय पुढे जाणार नाही,” तो म्हणाला.

कृष्णकांतने रात्री जेवताना विषय काढला. “सुमती, किती दिवस ओढाताण करायची? तुलाच त्रास होतो.”

“पुढची जत्रा होऊ दे,” सुमती म्हणाली. “तेव्हाही खुर्चीतच बसवलं, तर दे त्याला.”

मित्रांनो, हे मी वर जाणाऱ्या जिन्याखालून ऐकले. माझे पुढचे आयुष्य आता एका खुर्चीवर ठरणार होते.

पुढच्या जत्रेला बळीराम पुन्हा शाल घेऊन पुढे आला. चंद्रावती मध्ये उभी राहिली.

“भावजी, पावनी ही. मी नाय. मी या गावची सून हाय, आन् मी होरीन बसनार.”

“बाया शर्यतीन नाय बसत.”

“कोन बोलला?”

“कंदी बसल्या नाय.”

“कंदी इचारलंव?”

आजूबाजूला बायका जमल्या. बळीरामने मिशीवरून हात फिरवला आणि दुसऱ्या बाजूने निघायचे ठरवले. “तसा नाय गो. ही होरी बघ, पापरासारकी हलकी. आमच्या लाकराच्या. बरोबरी व्हावाची कशी? हलके होरीला मिठाची गोनी घ्यावी लागते, गावचा नियम हाय. घेशील?”

नियम खरा होता. नव्या हलक्या होडीत भार म्हणून मिठाची गोणी टाकत, म्हणजे कुणाला फुकटची आघाडी मिळत नसे. पण माझ्यासारख्या चिमुकल्या होडीत ती गोणी ठेवायला सांगणे म्हणजे घरी जायला सांगणे होते. बळीरामला तसेच म्हणायचे होते. तो भला माणूस होता, त्याला नाही म्हणायचे जिवावर येई.

“घेतो,” सुमती म्हणाली. “कुठेय गोणी?”

गोणी आत पडली तेव्हा माझे पोट खाली गेले. शिट्टी झाली, आठ होड्या सुटल्या आणि आठव्या नंबरावर मी होते. काठावरून कुणीतरी ओरडले, “वयनी, मीठ इकावला चाललाव काय?” वारा समोरून येत होता. लाकडी होड्यांच्या कडा उंच, त्यात पाणी येत नव्हते. माझ्या नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, मात्र प्रत्येक लाट आत येत होती. चंद्रावती एका हाताने दोरी धरी, दुसऱ्या हाताने डब्याने पाणी उपसून बाहेर फेकी.

हळूहळू मला बरे वाटू लागले. खाडीच्या तोंडाशी बांधलेल्या बांबूला वळसा घालताना आम्ही एकीला मागे टाकले, मग आणखी दोघींना. सुमतीला वाटले, आपला हात बसला. चंद्रावतीला वाटले, देवी पावली. ती मोठ्याने देवीला अजून एक नारळ बोलली. खरे काय ते फक्त मला ठाऊक होते. गोणी भिजत होती, आणि चंद्रावती डब्याडब्याने उपसत होती ते नुसते पाणी नव्हते.

परतीच्या वाऱ्यावर आणखी दोघींना ओलांडून आम्ही बळीरामच्या होडीला गाठले. त्याने वळून पाहिले, पुन्हा पाहिले आणि मग पाहायचे सोडून दिले. आम्ही दुसऱ्या आलो.

धक्क्याला लागताच बळीराम कंबरभर पाण्यातून आला आणि त्याने गोणी उचलली. ती एका हाताने उचलली गेली. रिकाम्या पोत्यासारखी ती त्याच्या हातात लोंबत होती.

“बाद!” तो ओरडला. “होरी बाद!”

“बाद कशाला?” चंद्रावती म्हणाली. “मीठ तुमचा. कच्चा निगाला, आमी क्या करनार?”

“माजा मीठ कच्चा?” बळीरामचा आवाज चिरकला. “पनवेल ते मोरा कोनाला पन इचार!”

मग सुमती उठली. मला वाटले ती ‘माफ करा’ म्हणणार, इंग्लंडात ती फार वेळा म्हणायची. पण ओले केस मागे सारून ती ओरडली, “नियमात मीठ घ्या म्हटलंय! कोरडं आणा असं कुठाय?”

“मीठ घेवाचा म्हंजे आनावाचा पन!”

“मग आधी सांगायचं होतं!”

“आधी क्या सांगावचा? मीठ इरघलते ते शेंबऱ्या पोराला म्हायती हाय!”

“तुम्हाला माहीत होतं, मग भिजणाऱ्या होडीत टाकलंत कशाला?”

आता पाठीमागचे सगळे हसले आणि वाद गावभर झाला. एका होडीचे लोक आमच्या बाजूने, दोन होड्यांचे विरुद्ध, बाकीचे दोन्ही बाजूंनी. देवळाची आरती उशिरा लागली. सुमतीचा आवाज बसला तरी तिचे हात चालूच होते. शेवटी बळीरामने निकाल दिला. “यंदा बाद. पुढचे साली हे होरीला मीठ नाय. रेती! दोन गोन्या!”

“दोन का? एक!” चंद्रावती म्हणाली, आणि भांडण पुन्हा सुरू झाले.

मित्रांनो, मी वीस होड्यांच्या ताफ्यात वाढले आहे. कुणाबद्दल पुढच्या वर्षीचा नियम करतात, ते मला कळते. जी येणारच आहे, तिच्याबद्दल.

टेम्पो सोसायटीत शिरला तेव्हा कृष्णकांत पट्टा बांधून खाली उभा होता.

“कितव्या आलात?”

“बाद झालो,” सुमती घोगऱ्या आवाजात म्हणाली. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

“आणि मग हसतेस काय?”

“पुढच्या वर्षी रेती आहे. दोन म्हणतोय, पण आम्ही एकीवर आणणार त्याला.”

कृष्णकांतने तिच्याकडे बघितले, माझ्याकडे बघितले आणि काही न विचारता हॉटेलवाल्याला निरोप धाडला, की होडी विकायची नाही. त्यानंतरच्या जत्रेत बळीरामच्या स्वतःच्या होडीत त्याची बायको बसली. तिने वाटेत काय काय ऐकवले ते आम्हाला मागच्या होडीतही ऐकू येत होते.

आता माझे वय झाले आहे. तुम्हाला एवढेच सांगते. तुमच्या वर्गात, गल्लीत कुणी नवीन आले, तर त्याला बाजूला बसवून गोड बोलू नका. त्याला खेळात घ्या, त्याच्यावर राज्य द्या आणि तो रडीचा डाव खेळला तर कडकडून भांडा. आणि कधी माझ्यात बसायला आलात, तर चपला धक्क्यावर काढून या. आत आधीच पुष्कळ रेती आहे.