हार कुणाला?

मी तिफण बोलतेय. होय, पेरणीचीच! फक्त हल्ली माझ्यावर चित्रं उगवतात.

देवगाव रंगारीच्या सुतारानं मला बाभळीतून घडवलं. पुढे बैल, मागे मुक्ताबाई. ती माझ्या चाड्यात मुठीनं बी सोडायची आणि आम्ही दोघी रान हिरवं करायचो. मग ट्रॅक्टर आला अन् माझी रवानगी गोठ्यामागे झाली. कोंबड्या माझ्यावर बसून नको ते करायच्या. फार राग यायचा.

मुक्ताबाईचा लेक कडुबा शहरात चित्रकार झाला होता. दिवाळीला आला, मला बघून हरखला. "आये, हिला तीन पाय हायेत! माझ्या चित्राला उभं राहायला अजून काय लागतं?" सुतारानं मला तासलं आणि मी शहरात, हर्सूलला कडुबाच्या खोलीत आले.

कडुबानं माझ्यावर खळी रंगवली, बाजार रंगवले, मेंढरं रंगवली. पण त्याच्या चित्रातली प्रत्येक बाई पाठमोरी! कारण मला ठाऊक होतं. कोणतीही बाई काढायला घेतली की चित्रात आईचंच तोंड उमटायचं, आणि आईनं तर बजावलेलं, "माझं तोंड काढू नको बाबा. भिंतीवर मेलेली माणसं टांगत्यात."

तो हिरमुसायचा, पण विनवणी सोडायचा नाही. अखेर ती विरघळली. "काढ. पर भिंतीवर नाय टांगायचं. आन् हार तर बिलकुल नाय." असं हसरं तोंड त्यानं काढलं, की मला पेरणीचे दिवस आठवले.

शहरातल्या प्रदर्शनात ते चित्र भिंतीवर नव्हे, माझ्यावर उभं राहिलं. मुक्ताबाई बाहेर चहा घेत होती. तेवढ्यात कुण्या हौशी माणसानं चित्राला झेंडूचा हार घातला! त्याच वेळी वैजापूरहून तिची धाकटी बहीण गोजरबाई आत आली. तिनं हार पाहिला अन् हंबरडाच फोडला, "अक्के, मला सांगितलंबी नाय गं कुणी!"

मुक्ताबाई धावत आली. "गोजरे, कुणाच्या नावानं रडायलीस?"

"तुझ्याच की!" असं म्हणून गोजरबाईनं वर पाहिलं आणि तिची बोबडीच वळली.

सगळे हसले. कडुबाचा मात्र चेहरा उतरला. आता आई चित्र खाली उतरवायला लावणार!

मुक्ताबाईनं हार काढला आणि माझ्या दांडीला अडकवला. "घालायचाच तर हिला घाला. मोडीत निघाली तरी उभी हाय. आन् माझ्या नावानं रडून झालं, तरी मी जित्तीच हाय. माझं तोंड आता बघू द्या लोकायला."

त्या दिवसापासून कडुबाच्या चित्रातल्या बाया वळून बघतात. तुम्हीही या बघायला. हार मात्र आणू नका. आणलाच, तर मला घाला.